हौदपुऱ्यातला इस्तो

तांब्याभर पाणी लागलं असतं, जास्त नाही. प्रमिलाबाईंच्या चुलीवर कुणी तांब्याभर पाणी ओतलं असतं, तर जरासा आवाज झाला असता, घरभर राख उडाली असती, आणि ती बाई कदाचित आजही माझ्या ओट्यावर बसून माझ्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवत असती. ज्याचा हात उठायला हवा होता तो उठला, नाही असं नाही. पण फार उशिरा उठला. त्या उशिराचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

हौदपुरा म्हणजे हिंगणघाटात वणा नदीच्या काठावर, जुन्या कापड गिरणीच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून बसलेली वस्ती. नगरपालिकेच्या लेखी आम्ही एक वॉर्ड आहोत आणि निवडणूक आली की आमची आठवण होते. मी इथंच जन्मले. बाबा गिरणीच्या वीणखात्यात होते. मी तहसील कचेरीत कारकून झाले, लग्न केलं नाही, आणि घर सोडलं नाही. माझी आणि प्रमिलाबाईंची भिंत एकच होती. तिकडं त्या खोकल्या की इकडं माझ्या भांड्यांच्या मांडणीवर ऐकू यायचं.

वस्तीचं नाव हौदावरून पडलं. गिरणीत कांजीखातं आणि रंगखातं वाफेवर चालायचं. वाफ आपलं काम करून थकली की तिचं पाणी व्हायचं, आणि ते एका जाड पाइपातून भिंतीबाहेर येऊन दगडी हौदात पडायचं. मालकांना त्या ऊन पाण्याचा उपयोग नव्हता, म्हणून ते आमचं झालं. आधी हौद होता, त्याच्याभोवती माणसं येऊन बसली. पहाटे बायका कपडे धुवायच्या, मग पोरं, मग पाळी सुटलेले गडी. सासवांची उणीदुणी, कुणाचं पोट दिसायला लागलं, कुणाच्या नवऱ्यानं पगार जुगारात घातला, सगळं तिथं वाफेत बोललं जायचं आणि वाफेसारखंच वस्तीभर पसरायचं.

आमच्याकडं कुणाच्याही घरी पाणी तापवायचा बंब नव्हता. लग्नात कुणी आहेर म्हणून दिलाच तर त्यात ज्वारी भरून ठेवायचे. हौदपुऱ्याच्या मुली सासरी गेल्या की पहिल्याच हिवाळ्यात रडत माहेरी यायच्या. सासू छळते म्हणून नाही, आंघोळीला पाणी गार मिळतं म्हणून. आष्टी-आर्वीकडचे पाहुणे दिवाळीला चार दिवसांसाठी यायचे आणि थंडी ओसरल्यावर जायचे. बाळंतिणीचं न्हाणं, नवरदेवाची हळद उतरवणं आणि गेलेल्या माणसाची शेवटची आंघोळ, सगळं त्याच पाण्यानं व्हायचं. त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

त्या पाण्यामागचा माणूस म्हणजे रूपरावजी. बॉयलरवर आग सांभाळायचे. उंच, वाळलेले, भुवया कायम होरपळलेल्या, आणि स्वतःबद्दल बऱ्यापैकी अभिमान. पहाटे आग नीट लागली की ते भिंतीतल्या छोट्या दारातून बाहेर यायचे, कोपरापर्यंत हात हौदात बुडवायचे, क्षणभर डोळे मिटून उभे राहायचे आणि मग अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "या वो बायाहो, पानी झालं!" हे काही त्यांच्या नोकरीत लिहिलेलं नव्हतं. पण त्यांनी हाक दिल्याशिवाय कुणी हौदाला हात लावत नसे. एकदा ते तापानं पडले होते, तर बायका बादल्या घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या म्हणे, समोर पाणी वाफाळत असताना.

वर्षातून एकदा बॉयलरची तपासणी असायची. आग काढून बॉयलर थंड करायचा, सरकारी साहेब आत टॉर्च मारून बघायचे. ते दिवस वस्तीला सुतकासारखे जायचे. तपासणी झाली की बॉयलर पुन्हा पेटवायचा, पण काडी ओढून नाही. त्या वर्षी वस्तीत आलेल्या सगळ्यात नव्या सुनेच्या चुलीतून विस्तव घ्यायचा, घमेल्यात घालायचा, घमेल्याला हळदीकुंकू लावायचं आणि वाजतगाजत गिरणीत न्यायचा. विस्तवाला आमच्याकडं इस्तो म्हणतात. 'सूनबाईचा इस्तो' हा आमच्या वस्तीचा सणच होता. तो कुणी सुरू केला हे कुणालाच सांगता यायचं नाही. त्या दिवशी मॅनेजरसाहेबसुद्धा बूट काढून बॉयलरसमोर उभे राहायचे.

एका वर्षी सगळ्यात नवी सून निघाली ती रूपरावजींचीच बायको. रोहण्याच्या शेतकऱ्याची मुलगी, प्रमिला. मी तेव्हा नव्हते, पण आईनं हे इतक्यांदा सांगितलं की मला पाहिल्यासारखं आठवतं. नऊवारी नेसलेली ती पोरगी घमेलं घेऊन बॉयलरपुढं आली, वर बघितलं, आणि नवऱ्याला सगळ्यांदेखत विचारलं, "एवढुशा इस्त्यानं एवढं धूड पेटन काय?"

रूपरावजी म्हणाले, "पेटन. तुह्या हातचा हाय नं."

वस्तीनं त्यांना या वाक्यावरून पुढं कितीतरी वर्षं छळलं. हौदावर बायका मुद्दाम विचारायच्या, "रूपरावजी, आज पेटन काय?" ते लाजून आत पळायचे. प्रमिलाबाईंना मात्र ते एक वाक्य जन्मभर पुरलं. नवऱ्यानं त्यानंतर त्यांच्याशी असं काही गोड बोलल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. मला वाटतं सगळा घोटाळा तिथंच झाला.

गिरणी बंद पडली तेव्हा ती बंद पडली असं कुणी म्हटलं नाही. फाटकावर कागद लागला, दुरुस्तीसाठी काही काळ काम थांबवत आहोत. आधी माग थांबले, मग रंगखातं. शेवटी बॉयलरची आग काढायचा हुकूम आला. रूपरावजींनी आग बाहेर ओढली, पाणी मारून विझवली, पण एक घमेलं भरून निखारे बाजूला ठेवले आणि ते घेऊन फाटकाकडं चालू लागले. फाटकावरच्या शिपायानं गेटपास मागितला. गिरणीतून सुताचा गुंडा नेला तरी गेटपास लागायचा, निखाऱ्यांचा नियम कुणाला माहीत नव्हता. शेवटी शिपाई म्हणाला, "न्या बाप्पा, हे काय मी लिहू?"

मी तेव्हा आमच्या दारात उभी होते. रूपरावजी घमेलं घेऊन आले, मागं निम्मी वस्ती. प्रमिलाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, घमेल्याला हळदीकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "माह्याच चुलीतून गेलता. आला घरी." मधल्या वर्षांत दुसऱ्या सुनांचा इस्तो बॉयलरमध्ये गेला होता, पण ते त्या दिवशी कुणी मोजलं नाही. रूपरावजी म्हणाले, "गिरनी सुरू झाली का हाच इस्तो परत न्याचा. तवरोक मरू द्याचा नाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या बाबांनीही डोलावली. त्यात वेडेपणा आहे असं त्या दिवशी कुणालाच वाटलं नाही, कारण आम्हा सगळ्यांना वाटत होतं की प्रश्न दोन-चार महिन्यांचा आहे.

पहिल्या वर्षी त्या चुलीला मोठा मान होता. सकाळी बायका खापरीत इस्तो मागून न्यायच्या आणि त्यावर स्वतःची चूल पेटवायच्या. दसऱ्याला चुलीची पूजा झाली. वीणखात्यातले जॉबर, म्हणजे मुकादम, रामाजी, ज्यांना गावातली प्रत्येक बातमी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा चुकीची कळायची, ते छाती ठोकून म्हणाले, "पुढच्या दसऱ्याले भोंगा वाजते म्हना, माह्याकडून लिहून घ्या." पुढच्या दसऱ्यालाही ते हेच म्हणाले. त्याच्या पुढच्या दसऱ्यालाही. रामाजींना दोष देण्यात अर्थ नाही, लोकांना ऐकायचं होतं तेच ते सांगत होते.

मग वस्ती गळायला लागली. मागावरची माणसं नागपूरला, सुरतेला गेली. एकानं कारंजाला हायवेवर ढाबा टाकला. माझ्या बाबांनी किराण्याचं दुकान काढलं, त्यात ते कधी रमले नाहीत. हौद कोरडा पडला, मग त्यात कचरा पडायला लागला, मग त्यात बाभळी उगवल्या. उरलेल्यांच्या घरी गॅस आला आणि इस्तो मागायला येणं बंद झालं. रूपरावजी एका जिनिंगवर, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, चौकीदार लागले. आग मात्र चालूच होती.

आग जगवणं म्हणजे काय असतं हे गॅसवाल्यांना सांगून कळणार नाही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, भसकन जळून जाते, तिचा उपयोग नाही. बाभळीचं लाकूड हवं, त्याचा निखारा टिकतो. निजताना निखाऱ्यावर गोवरी ठेवायची, वरून राख पसरायची, ती इतकी की आग गुदमरू नये आणि उघडीही पडू नये. मधेच उठून बघायचं. पावसाळ्यात गोवऱ्या ओल्या होतात, मग धूर घर भरून टाकतो. आणि हे सगळं कोण करत होतं? रूपरावजी नाही. ते जिनिंगवर असायचे. शपथ घेतली त्यांनी आणि निभावली बाईनं. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे. ते म्हणाले, "आग मी गिरनीत संभायली, आता ते संभायते. त्यात काय झालं?"

काय झालं ते मला विचारा. या नवराबायकोला कुणी पुन्हा एका लग्नाला बरोबर गेलेलं पाहिलं नाही. एक गेला तर दुसरा चुलीपाशी. खरं तर एकच जायचा, दुसरी कायम चुलीपाशी. रोहण्याला प्रमिलाबाईंच्या भावाच्या घरी कार्य असलं तर रूपरावजी जाऊन जेवून यायचे आणि बहिणीच्या वाटची साडी पिशवीत घालून आणायचे. त्यांची एकुलती एक मुलगी दीपमाला नागपूरला दिलेली. तिचं बाळंतपण झालं तेव्हा प्रमिलाबाई पहिल्या गाडीनं गेल्या, नातीचं तोंड पाहिलं आणि संध्याकाळी परत आल्या. दीपमाला तेव्हा रडत म्हणाली होती, "माय, बाळंतीण मी हावो का तुही चूल?" हे मला प्रमिलाबाईंनीच सांगितलं, हसत हसत. मला काही हसू आलं नाही.

पण बाईवर अन्याय नको. ती नुसती राबली असंही नाही. एका श्रावणात वणा चढली आणि भरदुपारी पाणी वस्तीत शिरलं. लोक टीव्ही, ट्रंका, गाद्या डोक्यावर घेऊन उंचावरच्या शाळेकडं पळत होते. प्रमिलाबाई चुंबळीवर घमेलं घेऊन निघाल्या, वरून लोखंडी कढई पालथी, आणि कढईखाली इस्तो. मांड्यांएवढ्या पाण्यातून, एका हातानं घमेलं सावरत. मी ओरडले, "काकू, कपाटातले कागद तरी घ्या!" त्या म्हणाल्या, "कागद भिजले तं वायते वं, हे भिजलं तं वायत नाई." लोक हसले. संध्याकाळ व्हायच्या आत शाळेच्या व्हरांड्यात तीन विटा मांडून त्याच इस्त्यावर सगळ्या वस्तीची खिचडी शिजली, कारण सगळ्यांचे लायटर आणि काड्यापेट्या भिजल्या होत्या आणि सिलिंडर पाण्यात तरंगत होते. त्या दिवशी त्यांचा चेहरा असा फुललेला होता की मला त्या बॉयलरसमोरच्या नव्या सुनेची कल्पना आली. त्यांना ते आवडत होतं, हे मला मान्य करावं लागतं.

खोकला त्याआधीपासूनच होता. पुरानंतर वाढला. सरकारी योजनेतून त्यांच्याही घरी सिलिंडर आला होता. त्याच्यावर भरतकाम केलेलं कापड घालून तो कोपऱ्यात पाहुण्यासारखा बसवून ठेवलेला असायचा. चहा करायचा तर माझ्यासारखी कुणी आली तरच गॅसवर, नाहीतर चूल पेटलेलीच आहे म्हणून चुलीवर. जिना चढताना दम लागायला लागला, मग जिना नसतानाही लागायला लागला. मी रजा टाकली, निखारे राखेत नीट पुरून घ्यायला लावले आणि दोघांना सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, फुंकायला लावलं आणि विचारलं, "घरात चूल आहे का?"

प्रमिलाबाई माझ्याकडं बघायला लागल्या. रूपरावजींनी उत्तर दिलं, "हाय, थोडीशी."

थोडीशी! मी तिथंच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बाबा, फुप्फुसं धुरानं खराब झाली आहेत. झालं ते भरून येणार नाही. पण ती चूल आजच्या आज विझवली तर यांना बरीच वर्षं मिळतील. नाही विझवली तर मिळणार नाहीत." इतकं स्पष्ट सांगितलं. मराठीत सांगितलं.

परतीच्या एस.टी.तून हिंगणघाटच्या स्टँडवर उतरलो तेव्हा रूपरावजी म्हणाले, "दसऱ्यापर्यंत पाहू. रामाजी म्हनून राह्यले, नवा मालक येते म्हने."

मी भर स्टँडवर त्यांना बोलले. म्हटलं, "काकाजी, मानूस मोठं का आग मोठी? तुमचा रामाजी वीस वर्सांपासून खोटं बोलून राह्यला, अन् तुमी ऐकून राह्यले!" माणसं जमा झाली. ते माझ्यावर चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. "तुले नाई समजत पोरी," एवढंच म्हणाले. "आता विझवली तं एवढे वर्स कायच्यासाठी राखली?"

मला तेव्हा समजलं नाही. आता समजतं, आणि समजूनही राग जात नाही. ते वाक्य त्यांचं एकट्याचं नव्हतं, सगळा हौदपुरा तेच म्हणत बसला होता. एवढी वर्षं वाट पाहिली, आता उठून कसं जायचं. जे पहिल्या वर्षीच उठून गेले, त्यांची पोरं आज कुठल्या कुठं आहेत.

तडजोड म्हणून त्यांनी चूल घरातून ओसरीत हलवली. त्यानं झालं एवढंच की धूर त्यांच्या घरातून निघून माझ्याही घरात यायला लागला. प्रमिलाबाई पाटावर बसून, भिंतीला टेकून, दम खात खात गोवरी सारायच्या. मी म्हणायचे, "काकू, मी पानी ओततो, नाव माहं सांगजा." त्या मान हलवायच्या. "त्याइचं मन मोडन वं," म्हणायच्या. "गिरनी गेली, हौद गेला, हाक माराले कोनी राह्यलं नाई. एवढंच तं हाय त्या मानसाजवळ." हे सांगताना त्यांना मधे दोनदा थांबावं लागायचं.

मग गेल्या वर्षी, दसऱ्याच्या थोडं आधी, गिरणीच्या फाटकात ट्रक येऊन उभे राहिले. नवा मालक आला होता, पण गिरणी चालवायला नाही. जागा प्लॉट पाडायला विकली गेली होती आणि आतलं सगळं भंगारात. माग आधी गेले. मग मागची भिंत फोडली आणि इतक्या वर्षांनी बॉयलर उजेडात आला. अख्खी वस्ती, म्हणजे उरलेली आठ-दहा घरं, बघायला गेली. रामाजीही आले होते. ते कुणाशीच काही बोलले नाहीत, आणि रामाजी गप्प आहेत हे बघून आम्हाला खरी बातमी कळली.

रूपरावजी घरी परतले. बायकोला म्हणाले, "एकडाव पेटवून पाह्यतो. कापाच्या आंधी. नुसता एकडाव." प्रमिलाबाई उठल्या. धाप लागत होती, तरी उठल्या. घमेलं घासलं, निखारे भरले, हळदीकुंकू लावलं. मी सोबत गेले, म्हातारा एकटा जायला नको म्हणून. रूपरावजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. फाटकापाशी ठेकेदाराचा माणूस आडवा आला. तरुण होता, वागायला वाईट नव्हता. घमेलं बघून दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "बाबा, आग आत नका आणू. गॅस कटरच्या टाक्या आहेत इथं. धोका आहे."

"मी बॉयलरवर होतो," रूपरावजी म्हणाले.

"असाल हो बाबा. पण आग नको."

आतून कटरचा निळा उजेड दिसत होता. पत्रा कापला जात होता. ते घमेलं घेऊन वळले. त्याच फाटकातून त्यांनी हे निखारे बाहेर आणले होते आणि आता त्याच फाटकानं ते परत घ्यायला नकार दिला.

घरी येऊन त्यांनी निखारे चुलीत उलटे केले. माठाकडं गेले. तांब्या भरून घेतला. मी दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, ओता, आता तरी ओता. त्यांचा हात चुलीवर आला आणि प्रमिलाबाईंनी पाटावरून त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "एवढे वर्स राखला, आता काऊन विझवता? माह्या कामी येईन."

"असं बोलू नोको वं."

"खरं तेच बोलतो. आता विझवून मले काय भेटते? ते डॉक्टरीन म्हने तवा विझवाचा होता." हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, माझ्या आवाजात असतो तसा. मग त्या हसल्या. "एवढुशा इस्त्यानं बॉयलर पेटते म्हनत होते नं तुमी? बॉयलर नाई तं मी पेटन."

रूपरावजी तांब्या धरूनच रडायला लागले. म्हाताऱ्या माणसाला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. बाईंना हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती थांबेना, आणि तांब्यातलं ते पाणी शेवटी त्यांनाच पाजावं लागलं.

त्यानंतर चूल सांभाळली ती रूपरावजींनी. जिनिंगची नोकरी सोडून दिली. बायकोची खाट आत, मागच्या खिडकीपाशी नेली, मधलं दार लावून घेतलं आणि स्वतः ओसरीत धुरात बसू लागले. हे आधी सुचलं असतं तर, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. उन्हाळ्याचं तोंड बघायच्या आधीच, थंडी असतानाच, प्रमिलाबाई एका सकाळी गेल्या.

दीपमाला नागपूरहून आली. वस्तीतल्या आम्ही चौघी-पाचजणी बाईंना आंघोळ घालायला जमलो. समोरच्या नव्या घरातली रुचिका, कॉलेज झालेली, अतिशय भली मुलगी, बादली घेऊन आली. "काकाजी, गीझरचं पाणी आणलं," म्हणाली. "कोमट आहे."

रूपरावजी म्हणाले, "ठेव बेटा. हे नोको."

त्यांनी मोठं पातेलं चुलीवर चढवलं. बाभळीची लाकडं सारली, फुंकणी घेतली आणि वाकून फुंकायला लागले. खोकत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुराचं होतं की कशाचं हे विचारायची गरज नव्हती. पाण्यातून वाफा निघाल्या तसं त्यांनी सदऱ्याची बाही वर केली, कोपरापर्यंत हात पातेल्यात बुडवला आणि डोळे मिटले. जमलेल्या बायकांत ते पूर्वी हौदावर बघितलेल्या मी आणि दीपमाला, दोघीच होतो.

मग त्यांनी हाक दिली. पूर्वीसारखी मोठी नाही, पण आतल्या खोलीपर्यंत जाईल एवढी. "ये वो," ते म्हणाले, "पानी झालं."

ज्या इस्त्यावर अख्ख्या हौदपुऱ्याचं पाणी तापायचं होतं, त्यावर एवढं एकच पातेलं तापलं.

आंघोळ झाली. मडकं आणलं. आमच्याकडं घरातलाच विस्तव मडक्यात घालून पुढं न्यायचा असतो. मुलगा नव्हता, म्हणून मडकं दीपमालानं धरायचं ठरलं आणि त्यावर कुणी हरकत घेतली नाही. चिमट्यानं निखारे मडक्यात घालता घालता ती थांबली. या चुलीवर तिचा माझ्याहून जास्त राग होता. तरी तिनं वर बघून विचारलं, "बाबूजी, थोडा चुलीत राहू देऊ काय?"

रूपरावजींनी मान हलवली. "नाई. सगळा ने. तिच्याच हातचा हाय."

दीपमालानं राख बाजूला सारून एकेक निखारा वेचला आणि मडक्यात टाकला.